वाटाण्याच्या वाफ्यातले मास्तर

आपल्याकडे वाटाणा पेरतात तो दिवाळीच्या मागेपुढे. मध्य युरोपात मात्र हिवाळाभर जमीन गोठलेली असते. म्हणून तिथे वाफे खणून, माती भुसभुशीत करून वाटाणा टाकतात तो वसंताच्या तोंडावर. अशाच वाफ्यात वर्षानुवर्षे वाटाणे पेरणाऱ्या आणि दाणे मोजणाऱ्या एका मास्तरांची ओळख आम्ही आज करून देत आहोत. त्यांचे नाव ग्रेगोर मेंडेल.

त्यांचा जन्म १८२२ सालचा, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरी. मूळ नाव योहान. कलम बांधणे, मधमाश्या पाळणे हे त्यांनी लहानपणीच पाहिले. १८३८ मध्ये वडील लाकडाच्या ओंडक्याखाली सापडून जायबंदी झाले आणि शिक्षणाचा खर्च झेपेनासा झाला. तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतला वाटा भावाला दिला. पुढे मेंडेल यांनी तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला हातभार लावून ते ऋण फेडले.

१८४३ मध्ये ते ब्रनो येथील मठात दाखल झाले आणि ग्रेगोर हे नाव घेतले. त्यांना शिकवण्याची आवड होती. पण शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत १८५० साली ते नापास झाले. मठाने त्यांना व्हिएन्नाच्या विद्यापीठात धाडले. १८५६ साली पुन्हा परीक्षेला बसले, पुन्हा अपयश! त्यामुळे सुमारे चौदा वर्षे ब्रनोच्या शाळेत ते बदली शिक्षक म्हणूनच शिकवत राहिले.

याच काळात मठाच्या आवारातल्या जेमतेम ३५ मीटर लांब व ७ मीटर रुंद पट्ट्यात त्यांचे काम चालू होते. वाटाण्याचे ३४ वाण त्यांनी आधी दोन वर्षे पारखले आणि त्यांतले २२ निवडले. वेलांना काठ्या, फांद्या आणि सुतळीचा आधार दिला. फूल उमलण्याआधी त्यातले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या वाणाचे परागकण त्यावर लावायचे, असे हे नाजूक काम. किड्यांमुळे हिशेब चुकत नाही ना, हे पाहण्यासाठी काही रोपे कुंड्यांत लावून काचघरात ठेवली. अशी सुमारे २८,००० रोपे त्यांनी तपासली.

गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीचे सारे दाणे गोल निघाले. पुढच्या हंगामात ते पेरल्यावर २५३ झाडांवर ७,३२४ दाणे आले: ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तिनास एक! हरवलेला गुण हरवला नव्हता, फक्त दडून बसला होता. मग त्या गोल दाण्यांपासून वाढवलेली ५६५ झाडे पाहिली. १९३ झाडांनी फक्त गोल दाणे दिले, ३७२ झाडांनी दोन्ही प्रकारचे. दाणे दिसायला सारखेच. आत काय आहे ते पेरल्यावरच कळले.

१८६५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष ब्रनोच्या विज्ञान मंडळापुढे दोन बैठकांत वाचले आणि १८६६ मध्ये निबंध छापला. फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८६८ मध्ये ते मठाधिपती झाले, कारभार वाढला, प्रयोग मागे पडले. ६ जानेवारी १८८४ रोजी ते वारले. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९०० मध्ये, इतर शास्त्रज्ञ त्याच नियमांपाशी पोहोचले आणि आनुवंशिकी या शास्त्राचा पाया मेंडेल यांनीच घातला होता हे जगाला कळले.

पालकांना आणि विश्वस्तांना आमचे एवढेच सांगणे आहे. गुणपत्रिका ही दाण्याची वरची साल. दोनदा नापास झालेल्या या मास्तरांना त्यांच्या मठाने एक पट्टा जमीन आणि भरपूर वेळ दिला, म्हणून आत काय होते ते दिसले. आपल्या शाळेच्या आवारातही मुलांसाठी चार वाफे राखून ठेवूया. येत्या दिवाळीला त्यांत वाटाणा पेरू, आणि शेंगा आल्या की सोलून खाण्याआधी दाणे मोजू.