काचा घासणारा तत्त्वज्ञ



आपल्या धर्मग्रामातील काही तरुण-तरुणी हल्ली रविवारच्या मिस्साला दिसत नाहीत. घरभेटीच्या वेळी आम्ही कारण विचारतो तेव्हा बहुधा एकच उत्तर मिळते. देव त्यांना डोंगरावर भेटतो, समुद्रकिनारी भेटतो. मग त्यासाठी चर्चमध्ये कशाला यायचे? हे ऐकून आईवडील कानकोंडे होतात. आम्हाला मात्र सेमिनरीतील तत्त्वज्ञानाचे वर्ग आठवतात आणि त्या वर्गांत भेटलेला एक माणूस आठवतो. देव आणि निसर्ग ही एकाच तत्त्वाची दोन नावे आहेत, असे सांगण्याचे धाडस त्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी केले आणि त्याची किंमतही मोजली. त्याचे नाव बारुख स्पिनोझा. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ या.

परागंदा घराणे

स्पिनोझा ह्यांचा जन्म २४ नोव्हेंबर १६३२ रोजी हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. घरात पोर्तुगीज भाषा बोलली जाई. वडील मिखाएल हे पोर्तुगालमधील विदिगेइरा गावचे. वास्को द गामा ह्याला पोर्तुगालच्या राजाने ज्या विदिगेइराचा काउंट केले, तेच हे गाव. पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यू लोकांना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. पुढे १५३६ साली तेथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. बाहेर ख्रिस्ती आणि घरात गुपचूप ज्यू अशा संशयावरून माणसे तुरुंगात गेली, काही जाळली गेली. अनेक कुटुंबांनी जीव मुठीत धरून देश सोडला आणि हॉलंडचा आसरा घेतला.

हा इतिहास आपल्यापासून फार दूरचा नाही. आपल्या वसईवर १५३४ ते १७३९ ह्या काळात त्याच पोर्तुगीजांचे राज्य होते. ज्या गलबतांतून आपल्या पूर्वजांसाठी श्रद्धेचे दान आले, त्याच गलबतांतून इन्क्विझिशनही आले. १५६० साली ते गोव्यात सुरू झाले. आपल्याकडील औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे वैद्य गार्सिया द ओर्ता हे ज्यू वंशाचे. त्यांची हाडे मृत्यूनंतर, १५८० साली, उकरून जाळण्यात आली. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अशा पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. स्पिनोझा ह्यांच्याकडे पाहताना आपणही प्रथम नम्र व्हायला हवे.

बहिष्कार

बारुख लहान असताना त्याची आई वारली. मुलगा बुद्धीने तल्लख होता. ज्यू शाळेत तो हिब्रू आणि पवित्र शास्त्र शिकला. १६५४ साली वडील गेल्यावर धाकटा भाऊ गाब्रिएल ह्याच्यासह त्याने घरचा व्यापार चालवला. पण मनात प्रश्नांचे मोहोळ उठले होते. २७ जुलै १६५६ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ज्यू समाजाने त्याला कायमचे वाळीत टाकले. कोणी त्याच्याशी बोलू नये, त्याच्या चार हातांच्या आत उभे राहू नये, त्याने लिहिलेले वाचू नये, असे फर्मान निघाले. त्याने नेमका कोणता गुन्हा केला होता, हे त्या फर्मानात सांगितलेले नाही. छळातून पळून आलेल्यांनी आपल्याच एका लेकराला घराबाहेर काढले. दुखावलेला समाज कधीकधी असाच वागतो.

स्पिनोझा पुन्हा त्या दारात गेले नाहीत. ते दुसऱ्या कोणत्या धर्मातही शिरले नाहीत. बारुख ह्या नावाचा अर्थ आशीर्वादित. त्याच अर्थाचे बेनेडिक्ट हे लॅटिन नाव ते वापरू लागले. दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक ह्यांना लागणारी भिंगे घासण्याचे कसब त्यांनी मिळवले होते. दिवसा काचा घासायच्या आणि रात्री दिव्याजवळ बसून लिहायचे, असा त्यांचा क्रम होता. हायगेन्स ह्यांच्यासारखा मोठा शास्त्रज्ञही त्यांच्या भिंगांची वाखाणणी करी. १६७३ साली जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद देऊ केले. विचारांचे स्वातंत्र्य जाईल म्हणून त्यांनी ते नाकारले.

अखेरची काही वर्षे ते द हेग शहरात एका चित्रकाराच्या घरी भाड्याने राहिले. त्यांचे चरित्र लिहिणारे कोलेरुस हे त्याच शहरातील लुथेरन पाळक. त्यांना स्पिनोझा ह्यांची मते मुळीच पटत नव्हती, तरीही त्या घरच्या मंडळींकडून ऐकलेले त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले. हा माणूस एखादा दिवस दुधाच्या लापशीवर काढी. घरातील कोणी आजारी पडले तर जवळ बसून धीर देई. घरची माणसे चर्चमधून आली की प्रवचनात काय ऐकले ते विचारी. मुलांनी उपासनेला नेमाने जावे, असे सांगे. घरमालकिणीने आपल्या तारणाविषयी विचारले, तेव्हा तिचा धर्म चांगला आहे, तिने त्याप्रमाणे शांतपणे व भक्तिभावाने जगावे, असेच त्याने तिला सांगितले.

देव की निसर्ग?

स्पिनोझा ह्यांची शिकवण थोडक्यात सांगायची तर अशी. जे आहे ते मुळात एकच आहे. त्याला देव म्हणा किंवा निसर्ग म्हणा. तुम्ही, आम्ही, झाड, दगड, तारा ही सारी त्या एकाचीच रूपे. समजण्यासाठी आम्ही लाटांचे उदाहरण देतो : लाटा अनेक, समुद्र एक. ह्या विचारसरणीला सर्वेश्वरवाद म्हणतात. येथे निसर्ग म्हणजे फक्त फुले-पाखरे नव्हेत. ज्या अटळ नियमांनी विश्व चालते ती संपूर्ण व्यवस्था म्हणजे निसर्ग. ती व्यवस्था समजून घेणे हीच स्पिनोझा ह्यांची भक्ती होती. १९२९ साली शास्त्रज्ञ आइन्स्टाईन ह्यांनी आपण ह्याच देवाला मानतो, असे जाहीर केले.

ह्या विचारात एक मोठेपणा आहे. पण त्याची एक बाजू आमच्या तरुण मित्रांच्या ध्यानात येत नाही. स्पिनोझा मात्र प्रामाणिक होते. त्यांनी ती लपवली नाही. जो देवावर खरे प्रेम करतो त्याने देवाच्या प्रेमाची अपेक्षा धरू नये, असे ते शिकवतात. कारण नियमांना कान नसतात. त्यांच्याकडे रडून काही मागता येत नाही, आणि ते कोणाला क्षमाही करू शकत नाहीत.

दुसरा निसर्गप्रेमी

स्पिनोझा लायडनजवळच्या राइन्सबर्ग गावी राहत असताना डेन्मार्कचा एक लुथेरन तरुण लायडनला वैद्यकशास्त्र शिकत होता. त्याचे नाव निकोलस स्टेनो. मेंदूचे विच्छेदन पाहायला स्पिनोझा त्याच्याकडे येत. पुढे स्टेनो इटलीत गेला. खडकांचे थर एकावर एक साचत जातात, म्हणून खालचा थर जुना, हे भूगर्भशास्त्राचे मूलतत्त्व त्याने १६६९ साली मांडले. त्याआधी, १६६७ साली, तो कॅथलिक झाला होता. १६७५ साली तो धर्मगुरू झाला, १६७७ साली बिशप. आपल्या जुन्या मित्राला त्याने खुले पत्र लिहून ख्रिस्तसभेत येण्याची विनवणी केली. स्पिनोझा ह्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी मात्र त्यानेच रोममधील धर्मन्यायालयाकडे त्यांच्या विचारांविरुद्ध तक्रार केली आणि त्यांच्या नीतिशास्त्र ह्या ग्रंथाचे हस्तलिखित तेथे सोपवले. तो ग्रंथ छापून प्रसिद्ध व्हायचे काही थांबले नाही. ते हस्तलिखित २०१० साली व्हॅटिकन ग्रंथालयात सापडले. ज्या ग्रंथावर बंदी घातली, त्याची प्रत आपल्याच घरात जपली गेली होती!

१९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी स्टेनो ह्यांना धन्यवादित घोषित केले. दोघांचेही निसर्गावर प्रेम होते. एकाने निसर्गालाच देव म्हटले. दुसऱ्याने निसर्गात निर्मिकाच्या हातांचे ठसे पाहिले. संत फ्रान्सिस असिसीकर सूर्याला भाऊ म्हणाले, देव म्हणाले नाहीत. आपल्या श्रद्धेचे मर्म ह्या एका शब्दात आहे.

रविवारची दुपार

२१ फेब्रुवारी १६७७ हा रविवार होता. दुपारी घरची मंडळी चर्चमध्ये प्रवचनाला गेली होती. ती परतली तेव्हा स्पिनोझा ह्यांनी देह ठेवला होता. वय अवघे ४४ वर्षे. छातीचा विकार जुना होता. काचेच्या धुळीने तो बळावला असावा. ज्यांना स्वतःच्या समाजाने बाहेर काढले, त्यांना द हेगच्या चर्चमध्ये जागा मिळाली. तेथेच त्यांचे दफन झाले.

अभ्यंगाचे तेल घेऊन आम्ही आजाऱ्यांच्या खाटेशी जातो. तेथे कोणी आम्हाला विश्वाचे नियम विचारत नाही. आपले कोणी ऐकत आहे का, एवढेच त्या डोळ्यांना हवे असते. क्रुसाकडे बोट दाखवून आम्ही होय म्हणू शकतो. स्पिनोझा ते म्हणू शकले नसते.

म्हणून तरुणांनो, डोंगरावर जरूर जा. तेथे जे मन भरून येते ते खरे आहे. पण ज्याचे आभार मानावेसे वाटतात, त्याच्याशी बोला आणि रविवारी त्याच्या मेजाशी या. आईवडिलांनो, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला चार हात दूर ठेवू नका. आणि आपण सारे, जे मिस्सा न चुकता ऐकतो, ते बावखले बुजवताना आणि विहिरीत कचरा टाकताना निर्मिकाला आठवतो का? पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली लाउदातो सी ह्या परिपत्रकातून हाच प्रश्न आपल्याला विचारला होता. निसर्गाला देव न मानणाऱ्या आपण त्याला निदान देवाची देणगी तरी मानायला हवी.

प्रभूचा आशीर्वाद आपणा सर्वांवर राहो.

आपले,
प्रमुख धर्मगुरू