मिरचीवाला शास्त्रज्ञ आणि जनुकांचं बटण

मिरची म्हटलं की आम्हा निलंग्याच्या लोकांना ठेचा आठवतो. मला मात्र हल्ली हंगेरीचे अल्बर्ट सेंट-ग्योर्गी आठवतात. सेगेद शहरातल्या लाल मिरचीतून त्यांनी व्हिटॅमिन सी चक्क किलोच्या मापात काढलं. १९३७ मध्ये नोबेल मिळालं. पण त्यानंतरचं त्यांचं काम मला जास्त भारी वाटतं.

जन्म १८९३ चा, बुडापेस्टचा. माणूस हट्टी. पहिल्या महायुद्धातला रक्तपात असह्य झाला तेव्हा त्यांनी स्वतःच्याच दंडात गोळी मारून घेतली, घरी परतले आणि डॉक्टरकी पूर्ण केली.

दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा ते सेगेदच्या प्रयोगशाळेत स्नायू आकसतो कसा, हे शोधत होते. मायोसिन नावाच्या प्रोटीनचे धागे काढले, त्यावर एटीपी टाकलं (पेशीची बॅटरीच समजा) आणि धागे डोळ्यांदेखत आकसले! त्या धाग्यांत अजून एक प्रोटीन मिसळलेलं होतं. ते वेगळं केलं त्यांचे सहकारी ब्रुनो श्ट्राउब यांनी. तेच अ‍ॅक्टिन. श्ट्राउबचं नाव बरेच जण गाळतात, ते काही बरोबर नाही.

इकडे हे चालू असताना १९४३ मध्ये सेंट-ग्योर्गी गुपचूप इस्तंबूलला जाऊन दोस्त राष्ट्रांच्या लोकांना भेटले. बातमी फुटली, हिटलरचे गेस्टापो मागे लागले, आणि नोबेलवाल्या माणसाला लपत फिरावं लागलं. १९४७ मध्ये ते अमेरिकेला गेले. १९८६ मध्ये वुड्स होलला वारले.

आता खरी गंमत. अ‍ॅक्टिन फक्त स्नायूत नसतं, जवळपास प्रत्येक पेशीत असतं, अगदी केंद्रकातही. त्याचे सुटे मणी असतात किंवा मण्यांची माळ. प्रोफिलिन आणि फॉर्मिन ही प्रोटीन्स माळ ओवायला मदत करतात, कोफिलिन ती तोडतं. सुटे मणी एमआरटीएफ नावाच्या प्रोटीनला धरून ठेवतात. पेशीला ताण बसला की माळा वाढतात, सुटे मणी कमी पडतात आणि एमआरटीएफ मोकळं होतं. हे २००३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं. मोकळं झालेलं एमआरटीएफ केंद्रकात जाऊन एसआरएफ या प्रोटीनसोबत डीएनएवर बसतं आणि ठरावीक जनुकांची आरएनए कॉपी निघायला लागते. यालाच ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. त्या जनुकांत खुद्द अ‍ॅक्टिनचं जनुकही आहे बरं का!