लोहाराचा मुलगा आणि आपली ‘लाइट’

लंडनमध्ये एलिफंट अँड कॅसलला उतरलं, की चौकात स्टीलची एक भलीमोठी चौकोनी पेटी दिसते. बऱ्याच जणांना ती गोदाम वाटते. प्रत्यक्षात ते मायकेल फॅरेडे यांचं स्मारक आहे आणि पेटीच्या आत अंडरग्राउंड रेल्वेचं विजेचं उपकेंद्र आहे. पुतळा नाही, घोडा नाही. ज्या माणसामुळे आज घरोघरी वीज आहे, त्याच्या स्मारकात विजेचंच काम चालू असावं, हे मला अगदी योग्य वाटतं.

याच भागात, म्हणजे तेव्हाच्या न्यूइंग्टनमध्ये, २२ सप्टेंबर १७९१ रोजी मायकेलचा जन्म झाला. वडील जेम्स लोहारकाम करायचे. उत्तरेकडच्या वेस्टमोरलँडमधून कामाच्या शोधात ते लंडनला आले होते. म्हणजे आपल्यासारखंच पोटासाठी गाव सोडलेलं कुटुंब, फक्त व्हिसाची भानगड नव्हती. वडिलांची तब्येत सतत बिघडलेली. १८०१ च्या महागाईत लहानग्या मायकेलला आठवड्याला एक पाव मिळायचा आणि तोच सात दिवस पुरवायचा. शाळा म्हणाल तर लिहिणं, वाचणं आणि थोडासा हिशोब, एवढीच.

चौदाव्या वर्षी तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे बुकबाइंडिंगची उमेदवारी करायला लागला. सात वर्षांचा करार. पुस्तकं बांधता बांधता पोरगा ती वाचायलाही लागला. बांधणीला आलेल्या ब्रिटानिका विश्वकोशात त्याला विजेवरचा लेख सापडला. जेन मार्सेट या बाईंनी सोप्या भाषेत लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तक हाती लागलं. मालकही चांगला. दुकानाच्या मागच्या बाजूला या मुलाचे छोटे छोटे प्रयोग चालायचे आणि मालक ते चालू द्यायचा.

१८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांची तिकिटं दिली. वक्ते होते सर हम्फ्री डेव्ही, त्या काळातले सर्वांत नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने चार व्याख्यानांची टिपणं काढली, घरी येऊन ती विस्ताराने लिहिली, आकृत्या काढल्या आणि सुमारे ३०० पानांचं पुस्तक स्वतः बांधून डेव्हींना पाठवलं. पुढे डेव्हींच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला भांडणापायी काढून टाकलं गेलं आणि मार्च १८१३ मध्ये ती जागा मायकेलला मिळाली. सोबत पोटमाळ्यावरच्या दोन खोल्या, जाळायला कोळसा आणि मेणबत्त्या.

मात्र दार उघडलं म्हणजे पंगतीत पान मिळालं असं नाही. त्याच वर्षी डेव्ही पतिपत्नी युरोपच्या दीर्घ दौऱ्यावर निघाले. त्यांच्या नोकराने ऐन वेळी यायला नकार दिला, मग ते कामही फॅरेडेंच्याच गळ्यात पडलं. डेव्हींच्या पत्नी त्यांना नोकरासारखंच वागवायच्या, जेवायलाही नोकरांबरोबर बसवायच्या. पण याच दौऱ्यात त्यांना अँपिअर भेटले, व्होल्टा भेटले. दीड वर्षाचा हा प्रवास म्हणजेच त्यांचं विद्यापीठ, असं म्हणायला हरकत नाही.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवलं, की तारेतून वीज वाहिली की जवळची चुंबकसुई हलते. पुढच्याच वर्षी फॅरेडेंनी वीज वाहणारी तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली. विजेवर चालणारी ही पहिली मोटर. घाईघाईने निबंध छापताना याच विषयावर काम करणाऱ्या वोलास्टन यांचा आणि डेव्हींचा उल्लेख राहून गेला, आणि दुसऱ्याची कल्पना चोरल्याचा आरोप झाला. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचं नाव पुढे आलं, तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष असलेल्या डेव्हींनी विरोध केला. ज्यांनी हात धरून आत आणलं, तेच आता दारात आडवे उभे होते. तरी फॅरेडे निवडून आले. विरोधात फक्त एक मत पडलं.

एक प्रश्न मात्र त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. विजेपासून चुंबकत्व मिळतं, तर मग चुंबकापासून वीज का मिळू नये?

२९ ऑगस्ट १८३१. त्यांनी लोखंडाचं साधारण सहा इंचांचं कडं घेतलं. त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेची दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. तारा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये कापड आणि दोरा घातला. एक वेटोळं बॅटरीला जोडलं, दुसऱ्याच्या तारेजवळ चुंबकसुई ठेवली. बॅटरी जोडताच सुई हलली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी चालूच होती, सुई मात्र ढिम्म. बॅटरी काढली, तेव्हा ती पुन्हा हलली, या वेळी उलट दिशेला.

दुसरा कुणी असता तर जोडणी कुठे ढिली राहिली का, हे बघत बसला असता. फॅरेडेंच्या लक्षात आलं, की हीच तर खरी गोष्ट आहे. चुंबकत्व नुसतं असून उपयोग नाही, ते बदलत असलं पाहिजे. १७ ऑक्टोबरला त्यांनी तारेच्या पोकळ वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केला, तेव्हा वीज आली. चुंबक आत नुसता पडून राहिला की वीज बंद. २८ ऑक्टोबरला एका मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवली. चकती फिरते आहे तोवर वीज सलग येत राहिली. हे जगातलं पहिलं जनित्र.

वीजनिर्मितीचं मूळ तत्त्व एवढंच आहे. तार आणि चुंबक, आणि दोघांपैकी एक हलता. हे फुकट मात्र होत नाही. लहानपणी सायकलला डायनामो असायचा, आठवतो? दिवा लावला की पेडल जड व्हायचं. दिव्याची ऊर्जा आपल्या पायांतून जायची. वीजकेंद्रात तेच काम मोठ्या प्रमाणावर चालतं. कोयनेला उंचावरून पडणारं पाणी चाक फिरवतं, चंद्रपूरला कोळशाने केलेली वाफ फिरवते, इकडे नॉर्थ सीमध्ये वारा फिरवतो. भारतात काय आणि ब्रिटनमध्ये काय, विजेची सेकंदाला ५० आवर्तनं असतात. त्यासाठी वाफेचं मोठं टर्बाइन साधारणपणे मिनिटाला ३,००० फेऱ्या मारतं. सोलर पॅनलची रीत तेवढी वेगळी, तिथे काही फिरत नाही. १८८२ मध्ये लंडनच्या होबर्न भागात कोळशावरचं सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झालं, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी नॉटिंगहॅमजवळचं रॅटक्लिफ-ऑन-सोर हे ब्रिटनमधलं शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. इंधनं बदलत गेली, फॅरेडेंची चकती फिरतेच आहे.

फर्स्ट इयरला ‘बेसिक इलेक्ट्रिकल’मध्ये फॅरेडेंचा नियम मला फळ्यावर सूत्राच्या रूपात भेटला. गंमत अशी, की ते सूत्र खुद्द फॅरेडेंना वाचता आलं नसतं. उच्च गणित त्यांना येत नव्हतं. चुंबकावर कागद ठेवून लोहकीस भुरभुरला, की जी वळणदार रांगोळी उमटते, तिच्याकडे पाहून ते विचार करायचे. त्या रेषा खरोखर अवकाशात पसरलेल्या आहेत, असं ते सांगायचे आणि गणिती मंडळी फारशी मनावर घ्यायची नाहीत. शेवटी जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण स्कॉटिश शास्त्रज्ञाने त्या रेषांना गणिताची भाषा दिली. साठी ओलांडलेल्या फॅरेडेंनी त्याला पत्र लिहून विचारलं, की गणितातून निघालेले निष्कर्ष साध्या भाषेतही लिहून देता येतील का. एवढ्या नावाजलेल्या माणसाला हे विचारताना संकोच वाटला नाही.

पेटंट त्यांनी एकही घेतलं नाही. सरदारकी नाकारली. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद दोनदा नाकारलं. मुलांसाठीची नाताळची व्याख्यानं मात्र १९ वेळा दिली. दीपगृहांचे सल्लागार म्हणून १८५८ मध्ये डोव्हरजवळच्या साउथ फोरलँडला विजेच्या दिव्याची चाचणी त्यांच्या देखरेखीखाली झाली. वाफेच्या इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राचा तो उजेड त्यांनी स्वतः पाहिला. आपण विजेलाच ‘लाइट’ म्हणतो, ‘लाइट गेली’, ‘लाइट आली’. त्या लाइटची सुरुवात त्यांना याचि डोळा बघायला मिळाली. शेवटच्या वर्षांत स्मरणशक्तीने साथ सोडली. राणी व्हिक्टोरियाने हॅम्प्टन कोर्टला राहायला दिलेल्या घरी २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते गेले. हायगेटच्या दफनभूमीत त्यांची साधी कबर आहे.

इथे मराठी मंडळी जमली, की मुलांच्या मार्कांचा आणि गणिताच्या ट्यूशनचा विषय निघतोच. गणित महत्त्वाचं आहे, माझं पोट त्यावरच चालतं. पण एखाद्या मुलाला सूत्र जमत नाही आणि स्क्रूड्रायव्हर हातात दिला की तो तासन् तास रमतो, तर त्याला ‘ढ’ म्हणण्याआधी या बुकबाइंडरची आठवण ठेवावी. गावाकडे भर पावसात खांबावर चढून लाइट आणणाऱ्या आयटीआयवाल्या वायरमनलाही आपण ‘फक्त आयटीआय’ म्हणतो. तो ‘फक्त’ काढून टाकला तरी पुष्कळ झालं.

सुट्टीत आईबाबा किंवा भाचेमंडळी इकडे आली, तर बकिंगहॅम पॅलेस पाहून झाल्यावर ग्रीन पार्क स्टेशनपासून अल्बमार्ल स्ट्रीटपर्यंत चालत जा. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरात फॅरेडेंची प्रयोगशाळा जपून ठेवली आहे. जाण्याआधी कधी उघडं असतं ते तेवढं बघून घ्या.