होमी भाभा आणि माँ ब्लाँवरील तो संदेश

भारतीय अणुशक्ती कार्यक्रमाचे जनक डॉ. होमी जहांगीर भाभा यांच्या अपघाती निधनाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. घातपाताच्या तर्कांना तर तोटाच नाही. त्या गदारोळात फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष मात्र मागे पडला. रडारवर विमानाची जागा अचूक दिसत होती. ती वैमानिकाला सांगताना शब्द अपुरे पडले, असे ही चौकशी सांगते.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. मुलाने अभियंता होऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी घरच्यांची इच्छा. त्यासाठी १९२७मध्ये ते केंब्रिजला गेले, यंत्र अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्णही झाले. पण मन ओढ घेत होते ते भौतिकशास्त्राकडे. विश्वकिरणांच्या वर्षावासंबंधी वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७मध्ये त्यांनी मांडलेल्या सिद्धांताने त्यांचे नाव जगभर झाले. १९३९मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले आणि महायुद्धामुळे येथेच राहिले. हा योगायोग भारताला मोठाच लाभदायक ठरला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काही वर्षे काढल्यावर टाटा विश्वस्त निधीच्या साह्याने त्यांनी १९४५मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. या कामी जे. आर. डी. टाटा यांचा त्यांना भक्कम पाठिंबा होता. पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद, तुर्भे येथील केंद्र आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झालेली 'अप्सरा' अणुभट्टी हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

त्यांच्या कार्याचा एक पैलू त्या मानाने कमी परिचित आहे. १९६२च्या चीन युद्धात भारताच्या तांत्रिक उणिवा उघड्या पडल्या. त्यानंतर १९६३मध्ये सरकारने इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली आणि तिची धुरा भाभांकडे सोपवली. संरक्षण आणि दळणवळणासाठी लागणारी उपकरणे देशातच तयार व्हावीत, हा त्यांचा ध्यास होता. समितीचा अहवाल १९६६मध्ये सादर झाला, तेव्हा अध्यक्ष हयात नव्हते.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी ते व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचे बोइंग ७०७ जातीचे 'कांचनजंगा' विमान मुंबईहून दिल्ली व बैरुतमार्गे जिनिव्हाकडे जात होते. त्या कंपनीचे अध्यक्ष जे. आर. डी. टाटाच होते. बैरुत सोडण्यापूर्वीच दिशादर्शक रेडिओ लहरी टिपणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक नादुरुस्त झाले होते. त्यामुळे माँ ब्लाँ या आल्प्समधील सर्वोच्च शिखराच्या संदर्भात आपण नेमके कोठे आहोत, याचा वैमानिकाचा अंदाज चुकला.

२४ जानेवारी १९६६ची सकाळ. नियंत्रकाने विमानाला १९ हजार फुटांची पातळी राखण्यास सांगितले होते. ढगांच्या वर हजार फुटांचे अंतर ठेवून स्वच्छ हवेत उतरता येत असेल, तरच खाली येण्याची मुभा होती. वैमानिकाने ती मुभा स्वीकारली. शिखर १५ हजार ८०० फुटांच्या आसपास, म्हणजे १९ हजार फुटांवर विमान पूर्ण सुरक्षित राहिले असते. शिखर ओलांडत असल्याचे वैमानिकाने कळवले. नियंत्रकाने रडारवर पाहिले, तर शिखर अद्याप पुढेच होते. तेथपर्यंत पाच मैल बाकी आहेत, असे त्याने सांगितले. तुमचा अंदाज चुकला आहे, खाली येऊ नका, असे मात्र त्याने स्पष्ट म्हटले नाही. वैमानिकाने संदेश पोचल्याचे कळवले आणि कडा मागे पडल्याच्या समजुतीने उतरणे चालूच ठेवले. विमान शिखराजवळ आदळले. सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. भाभा अवघे ५६ वर्षांचे होते. दुर्दैव असे, की एअर इंडियाचेच 'मलबार प्रिन्सेस' हे विमान १९५०मध्ये याच पर्वतावर कोसळले होते.

पुरेशा नेमक्या शब्दयोजनेच्या अभावी दुरुस्तीचा अर्थ चुकीचा घेतला गेला, असे चौकशीचे म्हणणे. आकाशात विमानांना डोंगरापासून आणि एकमेकांपासून दूर ठेवण्याची सारी व्यवस्था उंचीचा आकडा आणि तो उच्चारणारा माणूस यांवर उभी आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर तेच घडले. सौदी बोइंग दिल्लीहून १४ हजार फुटांपर्यंत चढत होते, कझाक इल्युशिनला १५ हजार फुटांवर थांबायचे होते. समोरून येणाऱ्या विमानाची सूचना नियंत्रकाने दिलीही होती. तरी कझाक विमान नेमलेल्या पातळीखाली उतरले आणि ३४९ जणांचे प्राण गेले. कझाक वैमानिकांचे इंग्रजीचे तोकडे ज्ञानही त्यामागे होते, असे मानले जाते. दिल्लीतील तेव्हाच्या रडारवर विमानांची उंची दिसत नव्हती. त्या दुर्घटनेनंतर भारतात येणाऱ्या प्रवासी विमानांना टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले. आसपासच्या विमानाची उंची त्याच्याच यंत्राकडून थेट मिळवून हे यंत्र वैमानिकाला वर किंवा खाली जाण्याचा आदेश देते. त्यासाठी कोणाला काही बोलावे लागत नाही.

भाभांच्या समितीच्या अहवालाचे पुढे चीज झाले. १९६७मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि त्याच वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.