रेव्ह. नारायण वामन टिळक आणि मंडळीचे गायन

डहाणू व तलासरीकडील खेड्यांत मंडळीच्या गायनाचा पुढारी वयोमानामुळे आपली सेवा आटोपून बाजूस होतो, तेव्हा त्याचा सन्मान करण्याची चांगली रीत आहे. शाल, नारळ व चार गौरवाचे शब्द त्यास मिळतात, आणि ते योग्यच होय. ज्याने वर्षानुवर्षे उपासनेपूर्वी येऊन तबला लावला, मुलांस चाली शिकविल्या, आणि मरण झालेल्या घरी रात्र जागून भजने म्हटली, त्याचे ऋण मानणे हे मंडळीचे कर्तव्यच आहे. परंतु पुष्कळदा असे घडते की, पुढारी बसला म्हणजे त्याच्याबरोबर गाणेही बसते. दुसऱ्या रविवारी कोणी तोंड उघडीत नाही. असे होऊ नये म्हणून काय करावे, हे ज्यांच्या आयुष्यावरून शिकता येते, त्या रेव्ह. नारायण वामन टिळक यांचे स्मरण आज आम्ही वाचकांस करून देतो.

टिळकांचा जन्म सन १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई यांचा त्यांजवर फार जीव होता. वडिलांचा स्वभाव कडक होता. लहानपणीच आई गेली, आणि नारायण घर सोडून नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले. पुढे सन १८८० मध्ये त्यांचे लग्न झाले. पत्नीचे सासरचे नाव लक्ष्मीबाई. टिळकांची वृत्ती अस्थिर, हृदय उदार व हात मोकळा. घरी उद्या काय शिजेल याची चिंता त्यांनी बहुधा पत्नीवरच सोपविली होती.

राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार भेट दिला. तो वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले, आणि त्यांचे मन पालटले. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. या निश्चयाची किंमत मोठी होती. आप्त दुरावले, लक्ष्मीबाई लहान दत्तूस घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या, आणि सन १९०० मध्ये, स्वतःच्या मनाची खातरी झाल्यावर, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळक अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात राहिले. त्या वेळी मंडळ्यांत पुष्कळ गीते इंग्रजीवरून भाषांतर केलेली असत व चालीही परदेशी असत. परदेशी चालीत मराठी शब्द बसवू गेले की ऱ्हस्वाचे दीर्घ होते, शब्द मध्येच तुटतो, आणि अर्थ गाणाऱ्याच्या हातून निसटतो. शिवाय अशा गाण्यास पुस्तक हवे, वाचता यावयास हवे, आणि चाल धरून ठेवणारा जाणता माणूस हवा. तो माणूस गेला की सर्व अडते. कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्या पूर्वीच ख्रिस्ती कीर्तने व देशी चालींची गीते रचून वाट पाडली होती. टिळकांनी ती वाट रुंद केली.

ज्ञानेश्वर, नामदेव व विशेषतः तुकाराम यांची वाणी त्यांच्या अंगी मुरली होती. ख्रिस्ती झाल्यामुळे हा वारसा टाकून द्यावा असे त्यांस वाटले नाही; उलट तुकोबांचे आपणावरील ऋण ते मोकळ्या मनाने सांगत. अभंग, ओवी, पद व भजन या घरच्या साच्यांत त्यांनी प्रभूची स्तुती ओतली. मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची अडीचशेहून अधिक गीते आली.

भजनाची रचना कशी असते ते पाहा. एकाने चरण म्हणावा, सर्वांनी ध्रुवपद उचलावे. ज्यास अक्षर येत नाही तोही दुसऱ्या फेरीस सामील होतो, आणि चौथ्या फेरीस त्यास चरण पाठ झालेला असतो. आपल्या भागातील वारल्यांचा तारपा ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हे समजाविणे नको. तारपेवाला सूर बदलतो तसे फेरातील पाय बदलतात. कोणाच्या हाती पुस्तक नसते, आणि लहान पोर फेरात शिरूनच नाच शिकते. टिळकांनी मंडळीस दिलेले गाणे या जातीचे होते. ते पुढाऱ्यावाचूनही जगू शकत होते.

सन १९०४ मध्ये त्यांची पाळक म्हणून दीक्षा झाली. सन १९१२ पासून ज्ञानोदयाची मराठी बाजू त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. फुलामुलांचे कवी म्हणून सर्व महाराष्ट्र त्यांस ओळखीत होता, आणि बालकवी ठोमरे काही काळ त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. असा मान असता सन १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. वेतनाचे बंधन नसलेली सेवा करावी, आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी एकत्र यावे, या हेतूने त्यांनी देवाचा दरबार स्थापिला. दोनच वर्षांनी, ता. ९ मे १९१९ रोजी, मुंबई येथे ते प्रभूत निजले.

ख्रिस्तायन हे प्रभूच्या चरित्राचे महाकाव्य अपुरे राहिले होते. ज्या लक्ष्मीबाईंचे शाळेत शिक्षण झाले नव्हते, त्यांनी ते हाती घेऊन अध्यायामागून अध्याय लिहिले. सन १९३६ मध्ये त्याही गेल्या, तेव्हा पुत्र देवदत्त यांनी शेवट पुरा केला. एकाने चरण आरंभिला आणि घराने तो उचलून धरला.

प्रिय वाचकहो, आपल्या गावचा गायनाचा पुढारी बसेल, तेव्हा शाल अवश्य द्या. परंतु त्या दिवशी त्यास गावयास सांगू नका. त्यास मंडळीमध्ये बसवा, एखाद्या मुलास अथवा सुनेस पुढे करून चरण म्हणवा, आणि त्या वृद्धास इतरांबरोबर ध्रुवपद उचलू द्या. आपण शिकविलेले गाणे दुसऱ्याच्या मुखातून ऐकणे, याहून मोठा सन्मान त्यास कोणता?