हिमवादळांच्या देशात साडी नेसून राहिलेल्या डॉ. आनंदीबाई

मुळशीतली थंडी स्वेटर आणि शेकोटीवर भागते. अमेरिकेच्या ईशान्य भागात मात्र हिमवादळाचा इशारा आला की घराबाहेर पडणंही जिवावर बेतू शकतं. आजच्यासारखे हीटर, जॅकेट नसताना 1883 मध्ये 18 वर्षांच्या आनंदीबाई जोशी नवऱ्याला मागे ठेवून तिथे गेल्या.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहायच्या, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. साडी सोडली नाही, शाकाहारही नाही.

तब्येत ढासळली, तरी 11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्याच. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूकही झाली, पण काम करायला वेळच मिळाला नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयरोगाने त्यांचं निधन झालं. वय अवघं 21.

थंडीमुळे क्षयरोग होतो का? नाही, तो जिवाणूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी हा जिवाणू 1882 मध्येच शोधला होता. त्यावर प्रभावी औषध सापडायला मात्र 1940चं दशक उजाडलं.

आनंदीबाईंची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत आहे. तिथे आजही दर हिवाळ्यात बर्फ पडतो.