नांगराचे पहिले तास

आपला बुलडाणा जिल्हा मातृतीर्थाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दरवर्षी १२ जानेवारीला आपण गाड्या भरभरून सिंदखेडराजाला जातो, लखुजीराव जाधवांच्या वाड्यात डोके टेकवतो अन् परत येतो. जिजाऊ म्हटले की शिवरायांना घडवणारी आई, एवढेच मनात येते. ते खरेच आहे. पण खात्याची कामे घेऊन गावोगाव फिरताना मला त्यांची दुसरी बाजू जास्त आठवते. उजाड पडलेला मुलूख त्यांनी पुन्हा वहितीत कसा आणला, ती.

जिजाऊंचा जन्म १५९८ चा. वडील लखुजीराव निजामशाहीतले मातबर सरदार. सिंदखेडला गेलात तर वाडा पाहून लगेच माघारी फिरू नका, मोती तलावही बघा. जाधवांच्या काळातला तो बांध पाहिला की कळते, या घराला पाण्याची किंमत ठाऊक होती. (आपला नालाबांध दोन पावसाळ्यांत फुटतो, ते असो.)

शहाजीराजांशी लहानपणीच लग्न झाले. पुढे जाधव आणि भोसले यांच्यात वैर आले. माहेर एकीकडे, सासर दुसरीकडे. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, भर दरबारात, लखुजीरावांना मुलांनातवासह मारण्यात आले. त्यानंतर सातच महिन्यांनी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. म्हणजे बाप आणि भाऊ गेल्याचे दुःख पोटातल्या लेकरासोबतच वाहिले त्या माउलीने.

आता पुण्याकडे वळू. पुणे ही भोसल्यांची जहागीर. विजापूरच्या फौजेने, मुरार जगदेवाने, ते जाळले. गाढवाचा नांगर फिरवला अन् जमिनीत पहार ठोकली, असे सांगतात. ही जागा शापित, इथे कोणी वसू नये, असा त्याचा अर्थ. त्यातच १६३० ते १६३२ चा मोठा दुष्काळ पडला. माणसे मेली, उरली ती परागंदा झाली. वावरात झुडपे माजली, लांडगे फिरू लागले.

१६३६ नंतर शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत कर्नाटकाकडे गेले आणि जिजाऊ लहान शिवबाला घेऊन पुण्यात राहायला आल्या. विचार करा. जळलेल्या गावी कोण राहायला येते? त्यांनी राहायला लाल महाल बांधवला, कसब्यातल्या गणपतीचे देऊळ उभे केले. आणि पहार ठोकलेल्या त्या जमिनीत सोन्याचा फाळ लावून नांगर धरायला लावला, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. फाळ सोन्याचा होता की नुसता मुलामा, यावर चर्चा करत बसू नका. जमीन काही नापीक झालेली नव्हती, माणसाच्या मनात भय बसले होते. ते भय काढायला मालकाच्या घरचेच तास पहिले पडावे लागते.

कारभार बघायला दादोजी कोंडदेव होते. श्रेय कोणाला किती द्यावे यावर आजही वाद चालतो, मी त्यात पडत नाही. हुकूम कोणाच्याही हातून निघो, रयतेला रोज दिसत होती ती तिथे येऊन राहिलेली आई आणि तिचे पोर. उपायही साधे होते. लांडगे मारणाऱ्याला बक्षीस. पडीक जमीन वहितीला घेणाऱ्याकडून सुरुवातीची वर्षे नाममात्र सारा, मग तो पायरीपायरीने वाढता. पुढे स्वराज्यात नव्या रयतेला बैल, बी-बियाणे आणि खायला धान्य द्यायचे, वसुली दोन-चार वर्षांनी करायची, अशी रीत पडली. तिचे मूळ मला इथे दिसते.

माझाच एक अनुभव सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावात बांधबंदिस्तीसाठी मी पारावर बैठक घेतली. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढाऱ्याने छान भाषण केले. महिना गेला, कोणी कुदळ उचलेना. शेवटी एक म्हातारा म्हणाला की पुढाऱ्याचाच धुरा आधी बांधा, मग आमच्याकडे या. पुढाऱ्याच्या वावरात जायचे माझ्या डोक्यातच आले नव्हते. चूक माझीही होती.

वतनाच्या तंट्यांचे निवाडेही जिजाऊंनी दिले. त्यांच्या नावचे कागद आजही सापडतात. घरचे आघात मात्र थांबले नाहीत. थोरला मुलगा संभाजी कर्नाटकात कनकगिरीच्या लढाईत पडला. १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे शिकारीत घोड्यावरून पडून गेले. त्या सती जायला निघाल्या होत्या. शिवरायांनी त्यांना थांबवले, आणि बरे झाले. कारण १६६६ मध्ये महाराज आग्र्याला कैदेत अडकले तेव्हा इकडचा कारभार जिजाऊंच्याच नावे चालला. महिनोन् महिने राजा नाही, खबर नाही, तरी गडाचे दरवाजे वेळेवर उघडत अन् लागत होते. वय सत्तरीकडे झुकलेले.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला. अकरा दिवसांनी, १७ जूनला, त्यांनी देह ठेवला. उतारवयात गडावरचा गार वारा सोसवेना म्हणून महाराजांनी पायथ्याला पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधून दिला होता. समाधी तिथेच आहे. वाड्यात एक विहीर आहे, तिला तक्क्याची विहीर म्हणतात. काठावर टेकून बसायला दगडी तक्क्या आहे. जिजाऊ तिथे बसत आणि पाणी भरायला येणाऱ्या बायांना घरचे, शेताचे विचारत, असे तिकडचे लोक सांगतात.